अंतिम रेषेच्या अलीकडे

आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळातर्फे दर मे महिन्यात परिसरातील शाळकरी मुलांसाठी आठवडाभराचे शिबिर असते. गोष्टी, नाट्यछटा, हस्ताक्षर, आणि एक दिवस चित्रपटाचा. यंदा चित्रपट निवडण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्यासोबत एक छापील तक्ताही आला. हिंसा आहे काय? असभ्य भाषा आहे काय? व्यसनांचे चित्रण आहे काय? आणि सर्वांत शेवटी, दोन ओळींची मोकळी जागा ठेवून : ‘चित्रपटातून मिळणारा बोध’. पहिले तीन रकाने भरायला मला अर्धा मिनिट लागला. चौथा रकाना तीन आठवडे कोराच राहिला.

चित्रपट होता पिक्सारचा ‘कार्स’. जॉन लॅसेटर दिग्दर्शित, २००६ सालचा. घरात तो होताच. माझी नऊ वर्षांची मुलगी तो इतक्यांदा पाहून बसली आहे की कोणत्या प्रसंगानंतर कोणता येणार हे ती मला आधीच सांगत असते. शर्यतीच्या मोटारींचा, घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावा असा चित्रपट. माणूस त्यात एकही नाही. सगळी पात्रे म्हणजे डोळे आणि तोंड असलेल्या मोटारीच. निवड सोपी वाटली होती. अडचण आली ती त्या चौथ्या रकान्याने.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. लायटनिंग मॅक्वीन ही तरुण, वेगवान आणि स्वतःच्या प्रेमात पडलेली शर्यतीची मोटार. पिस्टन कपच्या शेवटच्या शर्यतीत चाके बदलायला थांबणे त्याला कमीपणाचे वाटते, म्हणून टायर फुटतात, आणि सहज जिंकता येणारी शर्यत तिघांत बरोबरीत सुटते : मॅक्वीन, निवृत्तीला आलेला ‘द किंग’ आणि दरवेळी दुसरा येऊन कडवट झालेला चिक हिक्स. फेरशर्यत कॅलिफोर्नियात. तिकडे जाताना मॅक्वीन आपल्या थकलेल्या मालवाहू ट्रकला रात्रभर चालत राहायला लावतो, ‘मीही तुझ्यासोबत जागा राहीन’ असा शब्द देतो, आणि लगेच झोपी जातो. ट्रकला डुलकी लागते, मॅक्वीन रस्त्यावर पडतो आणि रेडिएटर स्प्रिंग्ज नावाच्या, नकाशावरून पुसल्या गेलेल्या गावात जाऊन त्या गावाचा रस्ता उखडून टाकतो. गावचा न्यायाधीश असलेली जुनी मोटार, डॉक हडसन, त्याला शिक्षा देते : रस्ता नीट करून दे. तो रस्ता करता करता मॅक्वीन बदलतो, आणि फेरशर्यतीत, जिंकण्यापासून हाताच्या अंतरावर असताना, अंतिम रेषेच्या अलीकडे थांबतो. मागे चिकने धडक देऊन मोडून टाकलेला किंग पडलेला असतो. मॅक्वीन उलटा फिरतो, किंगला मागून ढकलत ढकलत रेषेपार नेतो. कप चिकला मिळतो.

बोध काय? तक्त्यात लिहायला वाक्ये कितीतरी होती. ‘गर्वाचे घर खाली.’ ‘जिंकण्यापेक्षा माणुसकी मोठी.’ लिहायला गेले की पेन अडत असे. मराठीच्या अध्यापकाला बोध या शब्दाची एक जुनी अॅलर्जी असते हे खरेच. फडके आणि खांडेकर यांचा ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद आम्ही दरवर्षी शिकवतो, विद्यार्थी दोन्ही बाजूंचे मुद्दे पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवतात, आणि ‘दोन्हींत तथ्य आहे’ या वाक्याने गुण मिळवतात. मर्ढेकर वाचलेल्या पिढीने तर साहित्यकृतीला तिचा बोध विचारणे हा असंस्कृतपणाच मानला. इसापनीतीतल्या गोष्टीखाली ‘तात्पर्य’ असते; कादंबरीखाली नसते; आणि जिच्याखाली ते असते ती कादंबरी नसते, असे काहीसे आमचे शहाणपण.

पण आमच्याच परंपरेत याहून सूक्ष्म विचार झालेला आहे. मम्मटाने काव्याची प्रयोजने सांगताना उपदेश नाकारला नाही. तो कसा यावा हे सांगितले. राजाज्ञेसारखा नव्हे, मित्राच्या सल्ल्यासारखाही नव्हे, तर कांतेच्या बोलण्यासारखा, रसात भिजवून. म्हणजे प्रश्न कृतीत नीती आहे की नाही हा नाही. ती कुठल्या आवाजात बोलते आणि कुठे उभी राहून बोलते हा आहे. ‘कार्स’ला मी हाच प्रश्न विचारायचे ठरवले.

प्रथम माझे आक्षेप नोंदवते, कारण ते मी सहकाऱ्यांसमोर बऱ्याच आवेशाने मांडले होते.

पहिला आक्षेप ढोंगाचा. मॅक्वीनचा छोटासा प्रायोजक आहे ‘रस्ट-ईझ’, गंजावरच्या मलमाची कंपनी. त्याला हवा असतो ‘डिनोको’, श्रीमंत आणि झगमगता. शेवटी डिनोको स्वतः चालत येतो तेव्हा मॅक्वीन नकार देतो आणि आपल्या जुन्या, गंजक्या आश्रयदात्यांजवळ राहतो. छान. पण हे सांगणारा चित्रपट स्वतः कोणाचा आहे? त्याच २००६ साली पिक्सार डिस्नेच्या मालकीची झाली. या मोटारींची खेळणी, दप्तरे, पाण्याच्या बाटल्या, चादरी आमच्या तालुक्याच्या ठिकाणच्या जत्रेतसुद्धा मिळतात. रेडिएटर स्प्रिंग्ज हे गाव महामार्गाच्या घाईने मारले असे हळवे दुःख चित्रपट मांडतो, आणि २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात अॅनाहाइमच्या डिस्ने उद्यानात त्याच गावाची हुबेहूब प्रतिकृती उभी राहते, तिकीट काढून पाहण्यासाठी. साधेपणाचा उपदेश इतक्या मोठ्या दुकानातून यावा, हे विसंगत आहे.

दुसरा आक्षेप सोयीस्करपणाचा. मॅक्वीन कप सोडतो, पण काय गमावतो? प्रेक्षागृह उभे राहून त्याला टाळ्या देते. चिकच्या हाती कप येतो तो हुर्योच्या आवाजात. ज्या डिनोकोसाठी जीव टाकला तो पायाशी येतो. त्याग केल्याबरोबर त्यागाची भरपाई, आणि तीही व्याजासह. हा त्याग नव्हे, ही गुंतवणूक झाली. २०१७ च्या ‘कार्स ३’मध्येही तेच घडते. उतारवयाला लागलेला मॅक्वीन अर्ध्या शर्यतीतून बाजूला होऊन आपली जागा क्रूझ रमिरेझ या तरुणीला देतो, ती जिंकते, आणि नियमाच्या आधाराने विजयाचे श्रेय दोघांनाही मिळते. थांबूनही हरायचे नाही अशी व्यवस्था.

या बाबतीत आपला ‘ता रा रम पम’ निदान उघड बोलतो. सिद्धार्थ आनंदचा २००७ सालचा हा हिंदी चित्रपट, अमेरिकेत घडणारा, तोही शर्यतीचा आणि कुटुंबाचा. अपघातानंतर धीर खचलेला नायक घरदार गमावतो. आईबाप मुलांना खरी परिस्थिती न सांगता हा सगळा एक खेळ आहे असे भासवतात. आणि शेवटी आजारी मुलाच्या उपचाराच्या पैशासाठी बापाला जिंकावेच लागते. तिथे चांगुलपणा विजयावाचून निरर्थक आहे, कारण विजयाने मुलाचा जीव वाचणार आहे. नैतिकदृष्ट्या मला तो चित्रपट गोंधळलेला वाटतो, पण पैसा लागतो हे तो लपवत नाही.

हे आक्षेप मला आजही बरोबर वाटतात. तरीही मी चित्रपट दोनदा, तीनदा पाहिला, कारण त्यांत न बसणारे काहीतरी त्यात होते.

ते होते डॉकच्या गॅरेजमध्ये. मॅक्वीन तिथे चुकून शिरतो आणि अवजारांच्या पसाऱ्यात त्याला एक पिस्टन कप दिसतो. मग दुसरा. मग तिसरा. १९५१, १९५२, १९५३. पाने-पक्कड ठेवायला वापरलेले कप. गावातल्या कोणालाही ठाऊक नसते की हा कुरकुरा म्हातारा कधीकाळी अजिंक्य होता. पुढे डॉक त्याला वर्तमानपत्राचे जुने कात्रण दाखवतो : १९५४ चा अपघात. तो बरा होऊन परतला तेव्हा त्याची जागा एका नवख्याला देऊन झालेली होती, आणि त्याला थांबवूनही कोणी घेतले नाही. ही गोष्ट केवळ कल्पित नाही. हडसन हॉर्नेट या मोटारींनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या शर्यती खरोखरच गाजवल्या होत्या, आणि पुढे काही वर्षांत हडसन हे नावच बाजारातून गेले. डॉकला आवाज आहे पॉल न्यूमनचा. नट म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस स्वतः शर्यतीत उतरणारा होता; १९७९ साली ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याचा संघ दुसरा आला होता. २००८ मध्ये तो गेला. ‘माझ्यात अजून बरेच शिल्लक होते’ हा भाव त्या आवाजात जसा येतो तसा तो केवळ अभिनयाने येत असेल असे मला वाटत नाही.

दुसरी जागा रस्त्याची. शिक्षा म्हणून डांबर ओढायला लावलेला मॅक्वीन पहिल्यांदा ते काम तासाभरात उरकतो. रस्ता होतो खडबडीत, आधीपेक्षा वाईट. डॉक रागावत नाही. ‘खरवडून काढ आणि पुन्हा कर,’ अशा पैजेत त्याला अडकवतो. पुढचा भाग मुलांना कदाचित कंटाळवाणा वाटेल. त्यात मॅक्वीन हळूहळू, नीट, एकेक पट्टा पुरा करतो. त्याच्या बदलाचे भाषण चित्रपटात कुठेच नाही. तो केलेल्या रस्त्यावर दिसतो. आणि सॅली जेव्हा त्याला डोंगरावर नेऊन खालचा नवा महामार्ग दाखवते, आणि जुना रूट ६६ जमिनीच्या चढउतारांबरोबर वळत जात असे, नवा मात्र जमीन कापून सरळ जातो, सगळे काय तर दहा मिनिटे वाचवायला, असे सांगते, तेव्हा ती उपदेश करत नसते. ती फक्त दाखवते. १९२६ साली सुरू झालेला तो मार्ग १९८५ मध्ये अधिकृत यादीतून काढला गेला, आणि त्याच्या काठची कितीतरी गावे खरोखरच ओस पडली. ही कांतेची वाणी.

तर मग शेवट? मॅक्वीन थांबतो तो क्षण?

भारतीय वाचकाला तो अनोळखी वाटू नये. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याशी कसे वागावे हा प्रश्न आपल्याकडे रथाच्या चाकाशीच जोडलेला आहे. कर्णाचे चाक जमिनीत रुतते, तो थांब म्हणतो, आणि अर्जुन थांबत नाही. कृष्ण त्याला थांबू देत नाही. आणि कर्णाला त्याचेच जुने अधर्म आठवून देतो. महाभारत तिथे कोणतेही तात्पर्य लिहीत नाही. म्हणूनच हजारो वर्षांनी शिवाजी सावंतांना ‘मृत्युंजय’ लिहावीशी वाटते आणि आपल्या चार पिढ्या कर्णासाठी हळहळतात. दुसरे टोक युधिष्ठिराचे. स्वर्गाच्या दारात इंद्राचा रथ उभा, अट एकच, कुत्र्याला सोड. तो सोडत नाही. अंतिम रेषेच्या अलीकडे थांबण्याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. पण तिथेही तो कुत्रा लगेच धर्म होऊन प्रकट होतो! भरपाई व्यासांनाही टाळता आलेली नाही, तर बिचाऱ्या पिक्सारला काय बोल लावायचा, असे मी विनोदाने शिक्षककक्षात म्हणालेही.

मग त्या शेवटाचा मला इतका राग का यावा? कारण राग होता. वाङ्मयीन नापसंतीला एक थंडपणा असतो; हा तसा नव्हता. मुलगी पाहत असताना तो प्रसंग आला की मी उठून स्वयंपाकघरात जात असे. हे मला उशिरा लक्षात आले.

मला येथे वीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून या चित्रपटाचे परीक्षण मी प्रामाणिकपणे पुरे करू शकत नाही.

२००५ सालचा जुलै होता. एका शिक्षणसंस्थेत मराठीच्या अधिव्याख्यात्याची एक पूर्णवेळ जागा निघाली होती. सहा उमेदवार. त्यांत मी आणि माझी एम.ए.ची मैत्रीण. वर्गात ती माझ्या पुढे होती. गुणांनी नव्हे फार, पण समजुतीने निश्चितच. भाषाविज्ञानाच्या तिच्या टिपणांवर मी नेट उत्तीर्ण झाले होते. मुलाखत सकाळी अकराला. मी आदल्या दिवशीच मुक्कामाला गेले होते. ती पहाटेच्या एस.टी.ने निघाली होती. साडेदहाला कार्यालयातला शिपाई मला हाक मारून म्हणाला, “मॅडम, तुमच्या बरोबरच्या बाईंचा फोन आहे.” मीच त्याला दोनदा तिच्याबद्दल विचारले होते, म्हणून त्याने फोन माझ्याकडे दिला. घाटात दरड आली होती, गाडी अडकली होती, ती कुठल्याशा टपरीवरून बोलत होती. “अगं, दोन-अडीच तास लागतील. सरांना सांग ना, मला शेवटी घ्या म्हणावं.” मी म्हटले, “सांगते.”

मी सांगितले नाही.

ठरवून नाही सांगितले असे म्हणण्याइतका तो ठाम निर्णय नव्हता. मी बाकावर बसले. समितीचे लोक आत जात होते, सांगता आले असते. आता चहा घेताहेत, नंतर सांगू. आता पहिला उमेदवार आत आहे, बाहेर आला की सांगू. मग माझे नाव पुकारले गेले. आत गेल्यावर एका विषयतज्ज्ञांनी मला विचारले, साहित्य आणि नीती यांच्या संबंधाविषयी तुमचे मत काय? मी उत्तम बोलले. मम्मटापासून आरंभ केला, फडके-खांडेकरांवरून मर्ढेकरांपर्यंत आले, आणि साहित्य नीती शिकवत नाही, ते नैतिक संवेदनशीलता वाढवते, अशा वाक्यावर थांबले. समितीतल्या एकांनी मान डोलावली. तो निरोप सगळा वेळ माझ्या जिभेखाली होता.

ती पावणेदोनला पोचली, गुडघ्यापर्यंत चिखल. समिती उठून गेली होती. तिने विचारले, “सांगितलं होतंस ना?” मी म्हणाले, “सांगितलं गं. ऐकलं नाही त्यांनी.” ती जागा मला मिळाली. त्याच जागेवरून मी आज हे लिहिते आहे.

पुढे ती तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. मराठीच्या अध्यापकांना या शब्दांचा अर्थ सांगायला नको : दरवर्षी नवी मुलाखत, सुटीत मानधन नाही, मार्चनंतर काही नाही. पंधराहून अधिक वर्षे तिने ते केले. तिला वेळेवर मुलाखत मिळाली असती तर ती जागा तिलाच मिळाली असती, असे मी म्हणू शकत नाही. नसती मिळाली असेही म्हणू शकत नाही. ते कळण्याची शक्यताच मी बाकावर बसून संपवली.

हे सगळे ‘कार्स’शी जोडताना मला संकोच होतो. एक अमेरिकन मोटारींचा बालचित्रपट आणि एका बाईची वीस वर्षांची बोच. पण समीक्षेच्या दृष्टीनेही यातून मला काही दिसले, तेवढ्यापुरते ते येथे प्रस्तुत आहे.

मी म्हणत होते की मॅक्वीनचा त्याग स्वस्त आहे, कारण त्याला टाळ्या मिळतात. आक्षेप टाळ्यांवर बरोबर आहे, थांबण्यावर नाही. तो प्रसंग मी पुन्हा, स्वयंपाकघरात न जाता, पाहिला. मॅक्वीन ब्रेक लावतो त्या क्षणी टाळ्या नसतात. लोकांना काय चालले आहे ते कळतही नाही. चिक त्याच्या शेजारून निघून जातो आणि जिंकतो. भरपाई नंतर येते, आणि ती येईल हे थांबणाऱ्याला ठाऊक नसते. टाळ्या दिग्दर्शकाने प्रेक्षकांसाठी ठेवल्या आहेत. आपल्याला घरी समाधानाने जाता यावे म्हणून. तो दिग्दर्शकाचा दोष, पात्राचा नव्हे. दोन्ही एकत्र करून मी त्या थांबण्यालाच खोटे ठरवत होते, कारण ते खोटे असणे माझ्या सोयीचे होते. ‘प्रत्यक्षात असे कोणी थांबत नाही’ हे वाक्य वास्तववादाच्या नावाखाली आपण किती वेळा म्हणतो! त्यातला किती भाग समीक्षेचा आणि किती स्वतःच्या बचावाचा, हे एकदा तपासायला हवे.

आणखी एक गोष्ट. मॅक्वीन का थांबतो? चांगला आहे म्हणून नव्हे. मोडलेला किंग मोठ्या पडद्यावर दिसतो आणि त्याला डॉकचे ते कात्रण आठवते. म्हणजे त्याला एका पराभूताची गोष्ट माहीत असते, म्हणून तो थांबतो. साहित्य शिकवणाऱ्याला याहून मोठे आश्वासन कुठले? गोष्ट ऐकलेला माणूस ऐन वेळी थांबतो! माझे मुलाखतीतले वाक्य हेच तर सांगत होते. आणि माझा स्वतःचा अनुभव त्याच्या नेमका उलट आहे. मी कर्णाच्या चाकावर अकरावीत निबंध लिहिला होता, त्याला बक्षीस मिळाले होते. त्या बाकावर मला कर्ण आठवला नाही. तेव्हा आश्वासन म्हणून ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना देऊ शकत नाही. इतकेच म्हणू शकते की डॉकने मॅक्वीनला कात्रण दाखवले ते बक्षिसाच्या निबंधासाठी नव्हते. त्या दोघांत त्याआधी रस्त्याचे काम होते, घाम होता, भांडण होते. गोष्ट सांगणारा समोर उभा होता आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो तोच होता. आम्ही वर्गात गोष्टी देतो त्या या सगळ्यापासून सोडवून, गुणांच्या हिशेबात. त्या ऐन वेळी आठवत नाहीत याचे आश्चर्य वाटू नये.

मुलीने शेवटच्या वेळी चित्रपट पाहताना एक प्रश्न विचारला. “आई, पण त्या किंगला ढकललेलं आवडलं का? त्याला विचारलं कुठे आधी?” मी काहीतरी उत्तर दिले. पण प्रश्न रास्त आहे. मॅक्वीनच्या थोरवीच्या त्या दृश्यात किंग हा निमित्तमात्र होतो. सगळे डोळे ढकलणाऱ्यावर. जो मोडला आहे त्याच्यावर नाहीत. माझ्या मते त्या शेवटाचा खरा नैतिक दोष कोणता असेल तर हा. टाळ्यांपेक्षाही हा.

त्याच रात्री मी मैत्रिणीला फोन केला आणि सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला वाटलंच होतं.” मी विचारले, कधीपासून? “त्याच दिवशी. तू डोळ्यांत बघून बोलली नव्हतीस.” वीस वर्षे तिने ते मला कळू दिले नाही, माझ्या मुलीच्या बारशालाही ती आली होती. मी हे लिहू का असे विचारले. तिने विचार करायला दोन दिवस घेतले आणि तिसऱ्या दिवशी सांगितले, “लिही. माझं नाव नको. आणि शेवटी मी तुला माफ केलं वगैरे काही घालू नकोस. मी केलेलं नाही, आणि केलं तरी ते तुझ्या लेखासाठी नाही.”

तिची अट मी पाळते आहे.

चित्रपट शिबिरात दाखवायचे ठरले आहे. माझे आक्षेपही मी मुलांना सांगणार आहे, डिस्नेच्या दुकानाचेही आणि टाळ्यांचेही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ते कळतात. हिंसा : नाही. असभ्य भाषा : नाही. व्यसने : नाही. चौथ्या रकान्यातला ‘बोध’ हा शब्द मी खोडला आणि तिथे मुलीचा प्रश्न लिहिला : ‘किंगला कोणी विचारले का?’ मंडळाचे सचिव तक्ता पाहून म्हणाले, “मॅडम, इथे उत्तर लिहायचं असतं.” मी म्हटले, मला ठाऊक आहे.